'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' म्हणणाऱ्यांना

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा किंवा सेव्ह करून ठेवा. पण ज्यांच्या घरात दोन ते बारा वयाचं मूल आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, ही हात जोडून विनंती.

गेल्या आठवड्यात आपल्या गावात एका शाळेचा पालक मेळावा झाला. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "आजकाल पोरांना कसले कसले आजार निघालेत. खात नाही, करा थेरपी. लिहीत नाही, करा थेरपी. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. दोन फटके बसले की पोरगं खायचं पण आणि लिहायचं पण." मंडपात हशा पिकला. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत एक बाई खाली मान घालून बसली होती. तिचा मुलगा दुसरीत आहे. तो का खात नाही, का लिहीत नाही, हे ती वर्षभर सगळ्यांना समजावून सांगून थकली आहे.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. 'मुलांना शिस्त लावा, मान्यवरांचा पालकांना कानमंत्र'. तीन कॉलम, फोटोसह. ती बातमी मीच दिली होती. मथळाही माझाच. वीस वर्षं हेच करतोय, सवयीने हात चालतो.

त्या रात्री झोप लागली नाही. कारण आमच्या घरातली बाईही काही वर्षं अशीच मान खाली घालून बसायची, आणि तिला मान खाली घालायला लावणाऱ्यांत मी पहिला होतो. म्हणून ही पोस्ट. ती बातमीची दुरुस्ती समजा. पेपरात दुरुस्ती आतल्या पानावर चार ओळींत येते. ही जरा मोठी आहे.

आधी ते 'आमच्या वेळी नव्हतं' तपासून बघू.

आमच्या वेळी म्हणजे ऐंशीच्या दशकात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, माझ्या शेजारी एक मुलगा बसायचा. तोंडी हिशेबात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. बापाबरोबर बाजारात शेंगा विकायला बसायचा, पावशेर-अच्छेराचे पैसे माझ्या आधी सांगायचा. पण वही काढली की त्याला घाम फुटायचा. फळ्यावरचं उतरवून घेताना ओळ चुकायची. काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे. पेन्सिल इतकी दाबायचा की कागद फाटायचा. गुरुजी उलट्या हातावर पट्टी मारायचे. वर्गात त्याला नावाने कुणी हाक मारत नव्हतं. त्याचं नाव 'ढ' होतं.

सहावीत त्याने शाळा सोडली. आज त्याचं गॅरेज आहे. नुसता आवाज ऐकून इंजिनाचा बिघाड सांगतो. पण बँकेचा फॉर्म आला की मला फोन येतो, "अरे, चष्मा घरी विसरलोय, तेवढा फॉर्म भरून दे की." त्याला चष्मा नाही. तीस वर्षं तो चष्मा घरी विसरतोय.

तेव्हा पाहुणे, आमच्या वेळी होतं. फक्त त्याचं नाव वेगळं होतं. ते दवाखान्यात जात नव्हतं, शाळेच्या बाहेर जात होतं. आणि न खाणाऱ्या मुलांचं काय व्हायचं? 'अंगाला लागत नाही', 'नजर लागली', 'बाहेरची बाधा आहे'. त्यातली किती जगली, किती गेली, याची नोंद कुणी ठेवली होती?

आता माझ्या घरातलं सांगतो. बायकोला विचारून सांगतोय.

आमचा धाकटा पाच वर्षांचा होईपर्यंत मोजून सहा गोष्टी खायचा. दूधभात, मिक्सरमधून काढलेला वरणभात, दही, केळं, पारले-जी आणि कुरमुरे. भाजी नाही, चपाती नाही, भाकरीचं तर नाव नको. भातात कोथिंबिरीचं पान दिसलं तरी ओकारी काढायचा. आईने मीठमोहरी ओवाळली. शेजारच्या काकूंनी तावीज आणला. डॉक्टर म्हणाले, वजन फार कमी नाही, मोठा झाला की खाईल. मी म्हणालो, "तुझे लाड आहेत हे. दोन दिवस उपाशी ठेव, मुकाट्याने खाईल." ठेवलं. दोन दिवस नाही, दीड दिवस. पोरगं गळून गेलं, पण चपातीला तोंड लावलं नाही. मग मोबाइल आला. समोर कार्टून लावायचं, तोंड उघडं राहिलं की घास सारायचा. तासतासभर एक जेवण. आपल्या गावात आज किती घरांत असंच चाललंय, हे तुम्हाला माहीत आहे.

आणि एका रविवारी मी ते केलं. वांग्याची भाजी आणि भाकरीचा घास होता. त्याचे हात धरले, नाक दाबलं, तोंड उघडलं तसा घास आत कोंबला. त्याला ठसका लागला. तो थांबेना. ओठ काळेनिळे पडले. बायकोने त्याला पालथं घालून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा घास बाहेर पडला. घास अख्खा होता, चावलेलाच नव्हता. त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्या हातात ताट दिसलं की दुसऱ्या खोलीत पळायचा.

चावलेलाच नव्हता, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं नाही. ते नंतर एका पुण्याच्या बाईंनी सांगितलं.

त्या बाई ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात, आणि हे नावच घोटाळ्याचं आहे. एका सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर मी विचारलं, ऑक्युपेशनल थेरपी कुठे मिळेल? आतून उत्तर आलं, "व्यवसायासाठी ना? कर्जाचं काम उद्योग केंद्रात." मी हसलो, पण खिडकीवरच्या माणसाचा काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. इथे व्यवसाय म्हणजे धंदा नाही. माणसाचं रोजचं काम. अर्धांगवायू झालेल्या आजोबांना पुन्हा सदऱ्याची बटणं लावता येणं, अपघातात हात गेलेल्या कामगाराला पुन्हा कामावर जाता येणं. आणि लहान मुलाचं रोजचं काम काय? जेवणं, खेळणं, कपडे घालणं, लिहिणं. त्यात मूल जिथे अडतं, तिथे का अडतं ते शोधून वाट काढायची, असं हे शास्त्र आहे.

बाईंनी पहिल्या दिवशी त्याला खा असं म्हटलंच नाही. बायकोला तीन दिवसांचं खाणं लिहून आणायला सांगितलं होतं, ते नीट वाचलं. त्याला खुर्चीवर बसवलं आणि त्याचे पाय बघितले. लोंबत होते. पायाखाली लाकडी ठोकळा दिला. म्हणाल्या, "बाबा, तुम्ही स्टुलावर पाय लोंबते ठेवून एक जेवण करून बघा. अर्धी ताकद तोल सांभाळण्यात जाते." मग त्याला जीभ डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगितली. त्याला जमेना. त्याची जीभ फक्त पुढेमागे जायची, तान्ह्या बाळासारखी. घास दाढेखाली सारायला जीभ आडवी फिरावी लागते. सहा महिने पूर्ण झाले की बाळाला वरचं खाणं सुरू करायचं, मग हळूहळू कुस्करलेलं, गाठीचं, हातात धरून चावायचं द्यायचं, त्यातून ही कला येते. आम्ही त्याला पाच वर्षं मिक्सरमधलं दिलं. घशात अडकेल या भीतीने. म्हणजे चावायची शाळा आम्हीच बंद ठेवली होती, आणि परीक्षेत नापास झाला म्हणून मारत होतो.

दुसरी गोष्ट, स्पर्श. काही मुलांना ओल्या, बुळबुळीत, मिश्र पदार्थाचा स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र जाणवतो. हाताला खळ लागली तरी ते मूल रडतं. रस्सा-भाताचा घास त्याला तोंडात कसा लागत असेल, याचा विचार करा. त्याला नखरा म्हणून चालत नाही.

उपाय काय होते? ऐकून हसाल. पारले-जी खातो ना? मग बेकरीचा टोस्ट. टोस्ट जमला की खाकरा. खाकऱ्यानंतर तव्यावर कडक भाजलेल्या चपातीची पट्टी. मग थोडी कमी कडक. मग मऊ चपाती. एका पायरीला कधी चार दिवस लागले, कधी महिना. नवा पदार्थ ताटात नुसता ठेवायचा. आधी बघू दे, मग वास घेऊ दे, बोट लावू दे, जिभेला लावू दे, तोंडात घेऊन थुंकला तरी चालेल, ओरडायचं नाही. साध्या निरोगी मुलालासुद्धा एखादा नवा पदार्थ आवडायला तो दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. आपण दोनदा देतो आणि 'याला आवडत नाही' म्हणून शिक्का मारतो. शिवाय कणीक मळायला बसवायचं, मटार सोलायला द्यायचे, रांगोळीत हात घालू द्यायचा. मोबाइल बंद. आणि सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं, मीसुद्धा. माझं जेवण तोवर रात्री साडेदहाला एकट्याचं असायचं.

आठ महिन्यांनी त्याने स्वतःच्या हाताने बटाट्याची भाजी आणि चपाती खाल्ली. त्या दिवशी घरात कुणी काही बोललं नाही. बाईंनी बजावलं होतं, टाळ्या वाजवू नका, साधं वागा. बायको स्वयंपाकघरात गेली आणि जरा वेळाने बाहेर आली.

मग शाळा. दुसरीत वही लाल शाईने भरून यायला लागली. 'अक्षर सुधारा.' 'पालकांनी भेटावे.' मूल वर्गाबाहेर उभं. पुन्हा त्याच बाई. त्यांनी आधी अक्षर बघितलंच नाही, तो बसतो कसा ते बघितलं. बाक उंच, पाय अधांतरी, खांदे कानाला टेकलेले. बोटांत ताकद कमी, म्हणून सगळा हात आवळून लिहायचा आणि पाच ओळींत दमायचा. पेन्सिल छोटी करून दिली. भिंतीवर लावलेल्या फळ्यावर उभं राहून खडूने लिहायला लावलं. धुणं वाळत घालताना चिमटे लावायचं काम त्याच्याकडे. ओले रुमाल पिळायचं कामही त्याच्याकडेच. आणि रोज पंधरा मिनिटं लिहिण्याचा सराव, थोडा पण रोज. कारण बोटांत ताकद आली तरी लिहिल्याशिवाय लिहिणं येत नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ज्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. म्हणाल्या, "अक्षर, बसणं, दप्तर आवरणं, हे माझं काम. पण मुलाला वाचताच येत नसेल तर ते माझ्या झोपाळ्याने येणार नाही. त्याला विशेष शिक्षक लागतो." हे नीट समजून घ्या. डिस्लेक्सिया म्हणजे डोळ्यांचा दोष नाही आणि मंदपणाही नाही. आवाज आणि अक्षर यांची सांगड बसायला त्या मुलाला जास्त कष्ट पडतात. आपल्याच लिपीत बघा, 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि म्हणायची मात्र नंतर. आपल्याला सवय झाली म्हणून काही वाटत नाही. अशा मुलाला एकेक आवाज, एकेक अक्षर, क्रमाने, पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं. 'तारे जमीं पर' आपण सगळ्यांनी २००७ मध्ये बघितला, रडलो, रुमाल ओले केले आणि घरी येऊन मुलाला म्हणालो, वही आण.

आता मुद्द्याचं. हे शास्त्र काही परवा परदेशातून आलेलं फॅड नाही. भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू केली कमला निंबकर यांनी. अमेरिकेत जन्मलेली ही बाई निंबकरांच्या घरात लग्न करून आली आणि इथलीच झाली. १९५८ मध्ये नागपूरच्या मेडिकल कॉलेजातही हे शिक्षण सुरू झालं. फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, कमला निंबकर बालभवन. मुलं वाचायला नेमकी कशी शिकतात, या एका प्रश्नावर मॅक्सीन बर्नसन यांनी तिथे आयुष्य वेचलं. म्हणजे देशाला ही वाट महाराष्ट्राने दाखवली. पाऊणशे वर्षं होत आली. आणि ती थेरपी परळहून निघून आपल्या तालुक्यापर्यंत अजून पोचलेली नाही. इतक्या वर्षांत पायी निघाली असती तरी पोचली असती.

कायदे नाहीत असंही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ : मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं बंद. 'दोन फटके' हा कानमंत्र शाळेत बेकायदा आहे, पाहुणे. दहावीला अशा मुलांना जास्तीचा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी. ठरावीक आजार-दोष बघायचे, त्यात विकासातला उशीर आहे, शिकण्यातली अडचणही आहे. तपासणीत सापडलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाचं केंद्र, जिथे वेगवेगळ्या तज्ज्ञांनी एका छताखाली मूल बघावं. कागदावर बघा, डोळ्यांत पाणी येईल इतकं सुंदर आहे.

प्रत्यक्षात काय होतं? गाडी येते. एका दिवसात अख्खी शाळा तपासून होते. वजन, उंची, दात, डोळे. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांच्यापुढची रांग मी बघितली आहे. पण 'हा मुलगा लिहिताना का दमतो' हे रांगेत दोन मिनिटांत कळत नाही. कळलं तर चिठ्ठी मिळते. चिठ्ठी घेऊन जिल्ह्याला जायचं. एसटीने अडीच तास, दोघांचं भाडं, मजुरीचा खाडा. तिथे 'आज मॅडम नाहीत, पुढच्या बुधवारी या'. थेरपी म्हणजे काही इंजेक्शन नाही, एकदा घेतलं आणि झालं. आठवड्यातून एकदा, महिनोन् महिने. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने हे कसं करायचं? मी केलं, कारण मला पुण्यात राहायला बहीण आहे. एका वेळचे सातशे रुपये मी कसेबसे भरले, तेही जाहिरातीचं कमिशन वेळेवर आलं त्या महिन्यात. नाही आलं त्या महिन्यात आम्ही गेलो नाही.

आणि अंगणवाडीत? दर महिन्याला वजन होतं, दंडघेर मोजला जातो, मोबाइलवर नोंद जाते. मूल कमी वजनाचं निघालं की आहार द्या, पाकिटं द्या. पण हे मूल चावतं का, त्याला रोज ठसका लागतो का, हे कुणी विचारतच नाही. नोंदीत तसा रकाना नाही. मला काही जण म्हणतात, "पत्रकार, इथे लोकांना खायला नाही आणि तुम्ही न खाणाऱ्यांचे चोचले सांगताय." अहो, उलट आहे. माझ्या मुलाला दही, केळं तरी मिळत होतं. ज्या घरात भाकरी आणि चटणी एवढंच शिजतं, त्या घरातल्या मुलाला भाकरी चावता येत नसेल तर त्याच्यापुढे दुसरं काय आहे? ते मूल कुपोषित म्हणून नोंदलं जातं. पाकीट घरी जातं, भावंडं खातात. याचं वजन तसंच.

जिथे सरकार पोचत नाही तिथे दुकान पोचतं. इथे मला दुसरी दुरुस्ती करायची आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या गावात एका मंगल कार्यालयात शिबिर झालं होतं. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना रंग ओळखायला लावले. 'मेंदू जागा करा, अभ्यासात पहिला नंबर.' फी हजारांत. त्याची बातमी मी केली. ती बातमी नव्हती, जाहिरातीबरोबर दिलेला मजकूर होता. माझ्या नावावर विश्वास ठेवून काही पालकांनी पैसे भरले. त्यातल्या एकाने कानातलं गहाण टाकलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या सगळ्यांची इथे जाहीर माफी मागतो.

आता तर चांगल्या नावाचीही दुकानं झाली आहेत. चार झोपाळे, रंगीत चेंडूंचा हौद आणि भिंतीवर 'सेन्सरी थेरपी'. ही कल्पना अमेरिकेतल्या जीन आयर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टने मांडली, तिचा अभ्यास खरा होता. पण अमेरिकेतल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये सांगितलं की या उपचाराचा पुरावा मर्यादित आहे, पालकांना तसं सांगा आणि फायदा होतोय का ते मोजत राहा. म्हणून पैसे देण्याआधी विचारा. तुमचं शिक्षण काय? बीओटीएच आहे का? राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेत नोंदणी आहे का? तीन महिन्यांत नेमकं काय बदलेल, आणि ते मला घरी कसं दिसेल? चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी खूश होतो. दुकानदार चिडतो. आणि घरी करायचं काम जो सांगत नाही, 'सगळं आमच्याकडेच होईल' म्हणतो, तिथून उठा.

शिक्षकांवर घसरणारे आता कॉमेंटमध्ये येतील, म्हणून आधीच सांगतो. एका वर्गात चाळीस मुलं, कधी दोन वर्ग मिळून एक गुरुजी, त्यात निवडणुकीचं काम, माहितीचे तक्ते, खिचडीचा हिशेब. अशा माणसाने एकेका मुलाची पेन्सिल कधी बघायची? माझं भांडण त्यांच्याशी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलंय, दिव्यांग मुलांसाठी प्राथमिकला दहा मुलांमागे आणि त्यावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. तो द्या ना शाळेला. पण एक गोष्ट कुठलाही गुरुजी फुकटात करू शकतो. मुलाला 'ढ' म्हणणं थांबवायचं. बाहेर उभं करणं थांबवायचं. त्याची उत्तरं तोंडी ऐकून बघायची.

आता मागण्या. हवेत बोलून उपयोग नाही, म्हणून लिहून देतो. आमदार साहेब, तालुका आरोग्य अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, तिघांनाही ही पोस्ट पाठवतोय.

१. आपल्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस ऑक्युपेशनल थेरपिस्ट बसला पाहिजे. पूर्ण पद मिळेपर्यंत जिल्ह्याहून माणूस पाठवा. पन्नास आयांनी जिल्ह्याला जाण्यापेक्षा एका माणसाने इकडे येणं स्वस्त आहे.

२. तपासणीत ज्या मुलांना पुढे पाठवण्याची चिठ्ठी दिली, त्यातली किती पोचली आणि किती जणांची थेरपी सुरू झाली, हा आकडा दर तीन महिन्यांनी फलकावर लावा. मी स्वतः माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. उत्तर येईल ते इथेच छापेन, चांगलं आलं तर चांगलंच छापेन.

३. अंगणवाडी सेविकांना एक दिवसाचं प्रशिक्षण आणि विचारायला चार प्रश्न : दीड-दोन वर्षांनंतरही फक्त बारीक केलेलंच खातो का? रोज ठसका किंवा उलटी होते का? मोजून दहा-पंधराच पदार्थ खातो आणि त्यातलेही सुटत चाललेत का? ताट बघून रडतो का? जास्तीचं काम सांगताय तर मानधनही जास्तीचं द्या.

४. प्रत्येक केंद्रशाळेत, खाली पाय टेकतील असे चार तरी बाक करा. सुताराचं एका दिवसाचं काम आहे.

पालकांना माझं एवढंच सांगणं. दोन-तीन वर्षांचं मूल थोडं निवडून खातं, ते होतंच, घाबरू नका. पण वरच्या चार प्रश्नांतलं एकाचंही उत्तर 'हो' असेल, किंवा वजन थांबलं असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञाला दाखवा. घसा, पोट, बद्धकोष्ठ, रक्त, हे तपासून घ्या. शिकण्यात अडचण असेल तर डोळे आणि कान आधी तपासा. मग थेरपिस्टचं नाव मागा. मिळालं नाही तर मला सांगा, आपण दोघं मिळून मागू. आणि कृपा करून, नाक दाबून घास घालू नका. मी घातला होता. तो ठसका मला अजून रात्री ऐकू येतो.

आमचा धाकटा आता सातवीत आहे. वांगं अजून खात नाही. नको खाऊ दे. मला तरी कुठे कारलं आवडतं? अक्षर काही मोत्यासारखं झालेलं नाही, पण वाचता येतं, आणि पेपर पूर्ण सोडवतो. परवा गॅरेजवाल्या मित्राकडे गाडी टाकायला गेलो तेव्हा तो बरोबर होता. मित्राने नेहमीप्रमाणे खिशातून एक कागद काढला आणि म्हणाला, "चष्मा घरी राहिला रे." मी हात पुढे करायच्या आधी पोराने कागद घेतला, स्टुलावर बसला, दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि सावकाश, एकेक शब्द, मोठ्याने वाचून दाखवला. मित्र ऐकत होता, पण बघत होता पोराच्या पायांकडे. मग मला हळूच म्हणाला, "आपल्या वेळी असलं काही नव्हतं ना रे."

त्याच्या तोंडी ते वाक्य मला पटलं. पाहुण्यांच्या तोंडी नाही.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी कॉमेंटमध्ये मुलाचं नाव लिहू नका, मला मेसेज करा. बाकीच्यांनी शेअर करा. आणि त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी वाचत असेल तर तिसऱ्या रांगेतल्या त्या बाईला एकदा भेटून या. मी उद्या जातोय.